रिकाम्या कढईतली फोडणी

पडद्यावरच्या बाईने चुलीवर रिकामी कढई ठेवली. बाटली उपडी करून तळाला राहिलेलं तेल थेंब थेंब निथळवलं, चार मोहऱ्या टाकल्या, आणि मोहरी तडतडली तशी हिंगाची रिकामी डबी कढईवर धरून तिच्या बुडावर दोन चापट्या मारल्या. मग पदराने वारा घालून तो वास खिडकीबाहेर घालवायला लागली. एवढंच. कढईत पुढे काही पडलं नाही, भाजी नाही की आमटी नाही. बाजूला दोन पोरं भिंतीला टेकून बसली होती, आणि खिडकीपलीकडून शेजारणीने विचारलं, "काय हो, आज काय बेत?" थिएटरातल्या सगळ्या बायकांच्या तोंडून एकदम च् च् असा आवाज आला. मथुराच्या मुठीत भाजलेले शेंगदाणे होते, ते मुठीतच राहिले. प्रथम तिला वाटलं की कुणीतरी आपल्या कानशिलात दिली. मग वाटलं, नाही, कुणीतरी आपलं लुगडं ओढलं, इथे, अख्ख्या नौपाड्यातल्या बायकांसमोर, आणि अंधार आहे म्हणून अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्या नटीचे दंड चांगले भरलेले होते. उपाशी बाईचे दंड असे असतात होय, असं स्वतःशी म्हणून तिने हसायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. दंड खोटे होते, पण डबीच्या बुडावरच्या दोन चापट्या खऱ्या होत्या. डबीत हिंग नसतो, पण वास राहिलेला असतो, हे पोट भरलेल्या माणसाला सुचायचं नाही. ते कुणीतरी बघितलेलं होतं.

लढाईची वर्षं होती तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा त्र्यंबक ठाण्याच्या कोर्टात कारकून होता. विषमज्वराने गेला. शेवटचे वीस दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पेज पुढे केली की मान फिरवायचा, आणि सात-आठ वर्षांचा मधु उंबऱ्यात बसून ती परत येणारी वाटी बघत राहायचा. मग त्र्यंबक गेला, आणि घरमालक हरिहरपंतांच्या घरामागच्या एका खोलीत मथुरा, मधु आणि एक कोळशाची शेगडी एवढं उरलं. पुण्याहून थोरले दीर आले होते दिवस करायला. जाताना अंगणात उभं राहून म्हणाले, "हे पाहा, मुलाची आबाळ व्हायला लागली तर कळवा. आम्ही नेऊ त्याला. आमचं लक्ष असेल." त्यांचं लक्ष म्हणजे हरिहरपंत, हे तिला तेव्हाच कळलं. दोघे एका शाळेतले. नौपाड्यातल्या त्या घरांची स्वयंपाकघरं इतकी लागून की कुणाकडे मेथी आणि कुणाकडे अळू हे सांगायला कुणाला कुणाकडे जावं लागत नसे. वास आला नाही की लगेच कळायचं, चूल पेटलेली नाही. आणि चूल पेटली नाही असं दोन-चारदा झालं असतं तर पुण्याला पत्र गेलं असतं, आणि मधु गेला असता. म्हणून रेशन संपलं की ती बरोबर साडेदहाला शेगडी पेटवायची, कढई ठेवायची, आणि तेलाच्या थेंबावर चार मोहऱ्या. त्या वासावर तिने मुलगा राखला. हरिहरपंतांच्या कलावतीबाई भिंतीपलीकडून म्हणायच्या, "मथुताई, तुमच्या फोडणीला वास असा येतो की आमचं जेवण बेचव लागतं." मथुरा इकडून हसायची.

हे कुणाला माहीत होतं? मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा ती हाच एक प्रश्न घेऊन बसली होती. शेजारची सरोज नाक पुसत होती. सरोज वरच्या माळ्यावरची, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, सिनेमाचं भारी वेड. बायकांच्या खेळाचं तिकीट तिनेच आणलं होतं. "काय काम केलंय हो," सरोज म्हणाली. "अगदी खरी आई वाटते. मला तर सारखी तुमचीच आठवण येत होती." मथुराने तिच्याकडे वळून पाहिलं. "माझी कशी?" "म्हणजे तुम्हीही असंच एकटीने केलंत ना सगळं. आई सांगतात की." सरोजची सासू सांगते. काय सांगते? तिला काय ठाऊक? मथुराला आजूबाजूच्या रांगा एकाएकी फार जवळ आल्यासारख्या वाटल्या. चिवड्याच्या पुड्या सुटत होत्या, पोरं रडत होती, आणि दोन रांगा पुढे कलावतीबाईंची पांढरी वेणी हळूहळू मागे वळत होती, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. पुढे अर्धा सिनेमा बाकी होता. ज्याने कढई दाखवली तो पुढचंही दाखवेल. मथुरा उठली. "डोकं दुखतंय गं. तू बघ, मी निघते." "अहो, आता तर खरी गोष्ट आहे," सरोज म्हणाली. ते ऐकून तर ती जवळजवळ धावतच बाहेर आली.

पुढचं म्हणजे काय, ते तिने तेरा वर्षांत स्वतःलासुद्धा नीट शब्दांत सांगितलेलं नव्हतं. माघातली दुपार होती. मधूला हिवताप. थंडी भरून यायची, मग अंग तापायचं, मग घाम. जुन्या लुगड्यांची वाकळ त्याच्यावर घातलेली, निखारा पडून तिला एक भोक पडलेलं. दोन दिवस मथुराच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. जे होतं ते मधूला पेज करून दिलेलं. तेवढ्यात मागच्या दाराला सखुबाई आली. सखुबाई खाडीवरची, मिठागरात राबणारी, टोपलीतून मीठ घेऊन दारोदार यायची. ती दारात उभी राहिली आणि हवा हुंगून म्हणाली, "काय गो बाय, तीन दीस बघतंय, फोडनीचा वास येतंय, भाजीचा नय येत." सखुबाईने मिठाच्या टोपलीतून फडकं काढलं, त्यातली तांदळाची भाकरी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "खा गो. कोनाला नय सांगत." गेली. भाकरीवर सुकट होतं. लालभडक, मिरचीतलं, त्याचा वास खोलीभर. मथुराने पहिला विचार केला तो असा की हे टाकून दिलं पाहिजे. दुसरा असा की नुसती भाकरी धुऊन मधूला द्यावी. तिसरा असा की तापात भाकरी देऊ नये, आणि बाटलेली तर नाहीच. हे विचार ती अजून करत होती, आणि तेवढ्यात दाराआड भिंतीकडे तोंड करून तिचा हात तोंडाकडे गेलेला होता. तिने ती सगळी भाकरी खाल्ली. सुकटासकट. बोटं चाटली. फडक्याला लागलेले कण टिपले. मागे वाकळीखाली पोर पडलेलं होतं, त्याच्या पोटात सकाळची पेज, आणि ती त्याच्याकडे पाठ करून खात होती. संपल्यावर तिने ते फडकं तीनदा धुतलं. तेव्हापासून मथुरा कुणासमोर बसून जेवली नाही. मधु जेवायचा, उठायचा, मग ती मागच्या दाराशी भिंतीकडे तोंड करून पाटावर बसायची. लोक म्हणायचे, काय आई आहे, पोराच्या आधी घास घेत नाही. पोराच्या आधी घेतलेला घास कुणाला दिसलेला नव्हता. निदान ती तसं समजत होती.

आता मधु एकवीस वर्षांचा होता आणि दादरला एका स्टुडिओत काम करत होता. कथा लिहिणारे एक साहेब होते, ते येरझाऱ्या घालत सांगायचे आणि हा लिहून घ्यायचा, नट-नट्यांसाठी संवादांच्या सुवाच्य प्रती काढायचा. अक्षर त्र्यंबकासारखं. घरी आला की मथुराला तो स्टुडिओतल्या गंमती सांगे, पण या सिनेमाबद्दल अवाक्षर नाही. उलट परवा सरोज तिकीट घेऊन आली तेव्हा चहाचा कप खाली ठेवून म्हणाला होता, "कशाला जातेस? रडका आहे." नुसतं एवढंच. ते तिला तेव्हा काळजीने बोलल्यासारखं वाटलं होतं. थिएटरापासून घरापर्यंत येताना प्रत्येक पावलाला त्या चार शब्दांचा अर्थ बदलत गेला. काळजी नव्हतीच ती. चोराने आपला माल लपवावा तसं होतं ते. कढईचं त्याला माहीत असणारच, तो तिथेच भिंतीला टेकून बसायचा. पण तिथे दोन पोरं होती, मला एकच. दुसऱ्या कुणा बाईनेही असंच केलं असेल. साऱ्या मुलखात काय मी एकटीच उपाशी होते? असा ती स्वतःशी वाद घालायची. आणि मग डबीच्या बुडावरच्या दोन चापट्या आठवल्या की तो वाद तिथेच संपायचा.

त्या संध्याकाळी मधु आला. चपला काढायच्या आधी दारातूनच विचारलं, "जेवलीस का?" हे तो रोज विचारायचा. कामावर लागल्यापासून, त्याआधी कॉलेजातून आल्यावर, त्याआधी शाळेतून. लोकांची मुलं येऊन 'जेवायला काय आहे' विचारतात, हा उलटा. बायका तिला म्हणायच्या, भाग्यवान आहेस हो. आज मथुरा पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. तेरा वर्षं हा विचारतोय. तेरा वर्षं रोज संध्याकाळी हा मला ऐकवतोय. जेवलीस का, म्हणजे, एकटीच जेवलीस का? ती म्हणाली, "जेवेन मागाहून." तो नेहमीसारखा "बरं" म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. जेवताना त्याने पोळीचा पापुद्रा सुटा करून बाजूला ठेवला, तिच्यासाठी ठेवावा तसा. मऊ भाग तो नेहमीच तिला ठेवायचा. आजवर तिने तो कौतुकाने खाल्ला होता. आज तो तुकडा ताटलीत पडलेला बघून तिला त्याचा राग आला, इतका की ती तो गाईला घालायला म्हणून बाहेर घेऊन गेली. "सिनेमा कसा होता?" त्याने मागून विचारलं. "अर्ध्यातून उठले. डोकं दुखत होतं." तो गप्प राहिला. ती त्याचं गप्प राहणं ऐकत राहिली. सुटका झाल्यासारखं होतं का ते? की पकडला गेल्यासारखं?

पुढचे चार दिवस तिने कुणाकडेच धडपणे बघितलं नाही. लढाई संपल्यावर तिला शाळेत नोकरी लागली होती, तिसरीच्या वर्गाला ती शिकवायची. पाढे म्हणून घेताना पोरांचे चेहरे एकदम रिकाम्या ताटल्यांसारखे दिसायला लागायचे आणि सतराच्या पाढ्यात ती स्वतःच अडखळायची. गल्लीत कुणाच्या घरी फोडणी बसली की मान आपोआप वळायची. कोपऱ्यावर सभेचा लाऊडस्पीकर लावत होते, तिथे कलावतीबाई दोघीतिघींबरोबर उभ्या होत्या, ही दिसल्यावर त्यांनी बोलणं थांबवलं. का थांबवलं? कलावतीबाईंना तेव्हा खरंच कळलं नव्हतं, की कळून त्या भिंतीपलीकडून मजा बघत होत्या? 'तुमच्या फोडणीला वास असा येतो की,' हे वाक्य आता ती पुन्हा पुन्हा तपासायची. त्यात कुठे धार होती का? सरोज जिन्यात भेटली की पुढची गोष्ट सांगायला उतावीळ व्हायची. "अहो, तुम्ही निघालात आणि नेमकं मग ती भाकरी..." मथुराने तिचा हात घट्ट धरला. "नको सांगू. मला बघायचाय." भाकरी. म्हणजे भाकरी होती. त्या एका शब्दावर मथुरा रात्रभर कुशी बदलत राहिली आणि सकाळी उठून ठरवलं की आता सखूला विचारायचं.

सखुबाई अजून यायची. मिठागरं होतीच, पण आता गुडघे गेलेले, म्हणून मिठाऐवजी टोपलीत घरची वांगी नि वाल. मथुराने तिला मागच्या दारी बसवलं, चहा दिला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "सखू, खरं सांग. तू त्या वेळचं कुणाला बोललीस का?" "कवाचं गो?" "मी... तू मला भाकरी दिली होतीस. माघात. मधूला ताप होता." सखुबाईने बशीत चहा ओतला, फुंकला, बराच वेळ विचार केला. "मी दिली? आसंल." "सुकट होतं त्यावर." "तं आसंलच. आमचेकडं दुसरा काय आसतंय." ती हसली. "बाय, त्या सालाला मी किती जनींना भाकरी दिली ती माजे ध्यानान नय. तुजे ध्यानान हाय व्हय?" मथुराला वाटलं, ही नाटक करते आहे. मग त्या चेहऱ्याकडे नीट बघितल्यावर कळलं की नाही, हिला खरोखरच आठवत नाही. जे मी तेरा वर्षं छातीवर दगडासारखं बाळगलं ते हिच्या लेखी टोपलीतून एक फडकं काढून ठेवण्याइतकं होतं. तिला सखूचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. पण आता संशय ठेवायला जागाच उरली नाही. सखू नाही, कलावतीबाईंना दाराआडचं दिसणं शक्य नाही. राहिला एकच.

एका आठवड्याने सिनेमा ठाण्यातून उतरून कल्याणला लागला. मथुराने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, दातांच्या डॉक्टरांचं कारण सांगितलं. कल्याणात तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणूनच कल्याण. दुपारची गाडी रिकामी होती. पारसिकच्या बोगद्यात शिरताना डब्यात अंधार झाला तेव्हा तिने उगाच पदर नीट केला. बाजारातल्या त्या थिएटरात ती अगदी कडेच्या खुर्चीवर बसली, दाराजवळ, पुन्हा पळावं लागलं तर. पहिला अर्धा भाग तिने खाली मान घालून काढला. कढईच्या वेळी कल्याणच्या बायकांनीही तसंच च् च् केलं. मध्यंतर झालं, दिवे गेले, आणि मग तिने मान वर केली आणि खाली केली नाही.

पडद्यावरच्या खोलीत दुपार होती, एक पोर बाहेर खेळायला गेलेलं, दुसरं मागे पडलेलं. एक दळणवाली बाई येऊन उंबऱ्यावर भाकरी ठेवून गेली. आई ती उचलून दाराआड गेली. नटीने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला. सबंध थिएटरात श्वास ऐकू येईना. घाल, मथुरा मनात म्हणाली, घाल एकदाची, म्हणजे सगळं बाहेर येईल आणि मी मोकळी होईन. नटीचा हात तिथेच थांबला. तिने मागे झोपलेल्या पोराकडे पाहिलं, आणि तिकडे सारंगी सुरू झाली. हात खाली आला. भाकरी पदरात गुंडाळली गेली, पोराला उठवलं गेलं, आई घासामागून घास त्याला भरवू लागली आणि बायकांनी ओक्साबोक्शी रडायला सुरुवात केली. मग ती आई आठ-दहा दिवसांनी उपासाने मेली. तो मुलगा पुढे मोठा वकील झाला, भिंतीवर आईची तसबीर, तसबिरीला हार. एकूण एक बाई रडत होती. मथुराचे डोळे कोरडे होते. म्हणजे मेली म्हणून चांगली, तिच्या मनात आलं. जगली असती तर हिचं काय केलं असतं यांनी? पण त्याबरोबरच छातीवरचं ओझंही उतरत होतं. मुलाला माहीत नव्हतं. मधूने पाहिलं नव्हतं. त्याने कढई पाहिली, भूक पाहिली, आणि उरलेलं मनाने चांगलं रचलं. त्याच्या मनात आई अशी होती, भाकरी पदरात गुंडाळणारी. मग एकदम तिला आठवलं, मघाशी भाकरी तोंडाजवळ गेली त्याच्या आधी, क्षणभर, पडद्यावर वाकळ दिसली होती. वाकळीला निखाऱ्याने जळलेलं भोक. आणि त्या भोकात एक उघडा डोळा. त्या वेळी नटीच्या हाताकडे बघण्याच्या नादात तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आता तो डोळा समोरून हलेना. दिवे लागले, बायका पदर सावरत बाहेर पडल्या, झाडूवाला खुर्च्या आपटत जवळ आला, तरी ती बसलेली होती.

घरी आली तेव्हा उजेड होता. तिने स्वयंपाक केला, काय केला ते तिला आठवलं नसतं. संध्याकाळी मधु आला, दारातूनच म्हणाला, "जेवलीस का?"

"मी आज कल्याणला गेले होते," ती म्हणाली. "राहिलेला सिनेमा बघून आले."

मधूने एक चप्पल काढली होती, दुसरी तशीच राहिली. तो हळूच आत येऊन भिंतीशी टेकून बसला, लहानपणी बसायचा तसा. "मी तुला नको म्हटलं होतं," तो म्हणाला.

"तू लिहिलास तो?"

"सगळा नाही. एकदा साहेबांना खोलीचं, कढईचं सांगितलं. ते म्हणाले, लिहून आण. मी लिहून नेलं. सांगायला नको होतं मी. कढई तुझी होती."

"ती बाई भाकरी खात नाही."

मधूने पायातली दुसरी चप्पल काढली. "मी लिहिलं होतं, खाते म्हणून. साहेबांनी तो कागद परत केला. म्हणाले, वेडा आहेस का, लोक खुर्च्या फोडतील. आई असं करत नाही."

"करते," मथुरा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मला माहीत आहे."

आता काही झाकायचं राहिलं नव्हतं, तरीही तिच्या तोंडून जुनंच आलं. "तिच्यावर सुकट होतं रे. म्हणून तुला दिली नाही. तुला ताप होता, आणि बाट..." मग तिला ते स्वतःलाच सहन झालं नाही. "नाही. खोटं आहे ते. मला भूक लागली होती. तू मागे पडला होतास आणि मला भूक लागली होती, आणि मी खाल्ली. सगळी."

"वास आला होता मला," मधु म्हणाला. "मला वाटलं, तू फोडणीत आज काहीतरी नवीन घातलंयस."

ती त्याच्यासमोर खाली बसली. इतकी वर्षं जो प्रश्न आपल्याला कुणी विचारेल म्हणून ती भीत होती तोच आता उलटा होऊन तिच्या तोंडी आला. "जागा होतास तर बोलला का नाहीस? तुलाही भूक असेल. हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर तू थांबली असतीस."

तिला कळलं नाही. तिने तसं सांगितलं.

"बाबांची वाटी परत यायची," मधु म्हणाला. आता तो तिच्याकडे बघत नव्हता. "रोज परत यायची, आणि मग ते गेले. तुझी तर वाटीच नव्हती. मी बघायचो, तू माझ्यापुढे ठेवायचीस आणि म्हणायचीस, मी मागाहून जेवेन. तू कधीच जेवत नव्हतीस. मला वाटायचं, आता तू. त्या दिवशी तू पाठ करून बसलीस, आणि तुझी मान हलायला लागली. घास गिळताना हलते तशी. मी वाकळीतून बघत होतो. अगदी गप्प पडून राहिलो, संपेपर्यंत." तो थोडं हसला, लाजल्यासारखं. "मग मला झोप लागली. बऱ्याच दिवसांनी."

वर सरोजच्या घरी फोडणी बसली. मोहरी तडतडलेली इथपर्यंत ऐकू आली. मथुरा उठली. तिने दोन पाट मांडले, समोरासमोर. एक ताट त्याच्यापुढे, एक आपल्यापुढे. गेल्या तेरा वर्षांत तिने आपलं ताट उजेडात मांडलं नव्हतं. ते कसं दिसतं हेच ती विसरून गेली होती. मधु हात धुऊन आला, बसला, आणि भाताला हात न लावता तिच्याकडे बघत राहिला.

"जेव ना," ती म्हणाली.

"तू जेव आधी."

मथुराने मान खाली घातली नाही. भिंतीकडे तोंडही केलं नाही. तिने घास उचलला आणि त्याच्या डोळ्यांसमोर खाल्ला.